पापण्यांवरची लाली

लिंबायतच्या बाजारातल्या त्या कॉस्मेटिकच्या दुकानात हर्षदा शिरली तेव्हा अंधारून आलं होतं, तरी तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. त्वचेशी जुळणारी क्रीम बघायला तिनं तो काढला, आणि काउंटरवरच्या कुंदननं हातातली डबी तशीच खाली ठेवली. तिच्या पापण्या लालसर होत्या.

"कुणी रडवलं का?" त्यानं हळूच विचारलं.

"मला रडवणारा अजून जन्माला यायचाय," ती म्हणाली. "तुम्ही क्रीम दाखवा."

त्यानं हिरवट कांडी पुढे केली. आधी ही लावायची, लाली दबते, मग वरून क्रीम. हर्षदानं आरशात बघून लावलं. लाली खरंच नाहीशी झाली... आणि कुंदनची नजर काही हलेना.

हर्षदा कापड मार्केटमधल्या एका दुकानासाठी मोबाइलवर लाइव्ह साड्या विकायची. आवाज खणखणीत, पण पापण्या लहानपणापासून जड, खाली ओघळलेल्या. 'बेनला झोप येतेय वाटतं,' असं बघणारे गुजराती लोक लिहायचे. शेवटी तिनं स्वतःच ठरवून ऑपरेशन करून घेतलं. टाके निघाले, सूज उतरली. लाली तेवढी रेंगाळली. आईनं मात्र गल्लीभर सांगून टाकलं, पोरीचे डोळे आलेत. ते खोटं हर्षदाला पापण्यांपेक्षा जास्त टोचायचं.

मग कधी पिना संपायच्या, कधी टिकल्या, आणि हर्षदा पुन्हा कुंदनच्या दुकानात. कुंदनही तिचं लाइव्ह चुकवेनासा झाला. साडी कधी घेतली नाही, पण 'आज छान दिसताय' एवढं रोज लिहायचा. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. डोळ्यांचं विचारलं, की ती आईचंच उत्तर द्यायची — आणि घरी जाताना स्वतःवर चिडायची.

एका रविवारी कुंदनची आई, मालतीबाई, दुकानात बसल्या होत्या. हर्षदाकडे निरखून बघत त्या म्हणाल्या, "देवानं काय डोळे दिलेत पोरीला!"

गप्प राहणं सोपं होतं. हर्षदानं काउंटरवरचा कापूस घेतला, आरशापुढे उभी राहिली आणि दोन्ही पापण्यांवरची क्रीम अलगद पुसून काढली.

"मावशी, देवानं दिलेल्या पापण्या जड होत्या. मी ऑपरेशन करून उचलून घेतल्या. डोळे-बिळे काही आले नव्हते. मला आवडतात आता, म्हणून सांगतेय."

मालतीबाई जवळ आल्या. नीट बघून त्यांनी दुखतं का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि चहा सांगायला बाहेर गेल्या.

कुंदन काउंटरवरच्या बाटल्या उगाच सरळ करत होता.

"तूही बोल काय ते," हर्षदा म्हणाली. मान ताठ होती.

"मला वाटायचं, घरी तुला कुणी त्रास देतंय. तू सांगत नाहीस..." तो अडखळला. "रोज ठरवायचो, आज विचारेन, आज घेऊनच जाईन हिला."

"कुठे?"

"आमच्या घरी. कायमची."

हर्षदाचे कान तापले. "त्रास नाहीये हे कळलं ना आता?"

"कळलं. तरी न्यायचंय."

तिनं आरशात पाहिलं. लाल पापण्यांची, उघड्या, टपोऱ्या डोळ्यांची एक मुलगी हसत होती, आणि तिच्या मागे तो, श्वास रोखून.

"मी कुणाच्या नेण्यानं जाणार नाही," हर्षदा वळून म्हणाली. "माझी मी येईन. पण येईन."