वाळूने भरलेलं धरण

धरणाच्या भिंतीवर चढून जुईने पलीकडे पाहिलं आणि तिच्या तोंडाचा आ तसाच राहिला. पाण्याचा थेंब नाही! भिंतीच्या काठोकाठ नुसती वाळू. नामिबियातल्या या कोरड्या मुलखात अख्ख्या गावाला पाणी पाजणारं धरण दाखवतो, म्हणून आजोबांनी तिला श्रीगोंद्याहून इतक्या लांब आणलं होतं. आणि हे?

आजोबा भूजलतज्ज्ञ (जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणारे). धरण सांभाळणाऱ्या नांगुलाताईंबरोबर ते गावात गेले होते. इथे होता फक्त खणक्या, आजोबांचा खोदकाम करणारा यंत्रमानव.

"गाळाने भरलंय रे! कुणाचं लक्षच नाही," जुई हळहळली. तिच्या गावी उन्हाळ्यात तलावातला गाळ काढतात. नारळ फुटतो, ट्रॅक्टर भरभरून गाळ शेतात जातो. गाळ दिसला की उपसायचा, हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं. "खणक्या, काढ सगळा!"

खणक्या आज्ञाधारक, पण अक्कल बेताची. त्याने खणायला घेतलं. कमरेइतकं खोल जाताच खड्ड्यात पाणी झिरपू लागलं. जुईने टाळ्या पिटल्या. "अजून रुंद कर!" दुपारपर्यंत तिथे चांगलं तळं झालं आणि कुणाचीतरी गाय त्यात पाय बुडवून उभी राहिली.

आजोबा आणि नांगुलाताई परतले. ताईंच्या हातातली पिशवी गळून पडली. त्या ओरडल्या, तशी जुईच्या कानातल्या दुभाष्याने (भाषा बदलून सांगणाऱ्या यंत्राने) मराठीत सांगितलं, "पाणी उघडं कुणी टाकलं?"

"मी! धरण मोकळं केलं," जुई ऐटीत म्हणाली.

आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं पोरी, काय करून बसलीस!"

त्यांनी स्टीलचा ग्लास सुक्या वाळूने काठोकाठ भरला. "भरला?"

"भरला."

मग ते त्यात पाणी ओतत गेले. जुई बघतच राहिली. ग्लासभर वाळूत जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी मावलं!

"कणांमधल्या फटींत बसलं. याला सच्छिद्रता म्हणतात (आत रिकाम्या जागा असणं). पूर आला की जाड वाळू भिंतीमागे थांबते, बारीक चिखल पुढे वाहून जातो. पाणी वाळूत राहतं आणि तळाच्या नळीतून गावाला मिळतं."

"पण उघडं असलं तर काय बिघडलं?"

"बाष्पीभवन, म्हणजे पाण्याची वाफ होऊन उडून जाणं. हातभर वाळूखाली ऊन पोचत नाही. उघड्या तळ्यातून मात्र रोज बोटाच्या जाडीइतकं पाणी उडतं. खड्डा आजूबाजूच्या वाळूतलंही पाणी ओढत राहणार. पुढचा पाऊस अर्ध्या वर्षाने आहे, जुई."

"आणि हेच पाणी आमची मुलं पितात," ताई गाईला हाकलत म्हणाल्या.

आता जुईला उमगलं. आपण एका गावाचं पिण्याचं पाणी उन्हात वाळत घातलं! रडतरडतच ती म्हणाली, "खणक्या, सगळं परत भर. लवकर!"

वाळू पडत गेली, तळं दिसेनासं झालं. ताईंनी भिंतीखालचा नळ सोडला. आधी गढूळ, मग बऱ्याच वेळाने स्वच्छ पाणी आलं. ते तपासूनच त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"तुमच्या नद्यांत अशी वाळू नाही?" त्यांनी विचारलं.

"होती," आजोबा खाली बघत म्हणाले. "आम्ही ती उपसून इमारती बांधल्या."

"पाण्याची कोठारं उपसलीत?" ताईंचे डोळे विस्फारले.

जुईला तर दुसरा धक्का बसला. "आजोबा, नदी वाळू परत आणते का?"

"पुरागणिक थोडी थोडी. आपण हात लावला नाही तर."

जुईने डोळे पुसले. "खणक्या, ऐक. आपल्या नदीतल्या वाळूला कुणी फावडं लावलं, तर तू मध्ये आडवं पडायचंस."

"समजलं," खणक्या म्हणाला. "आणि फावडं तुझ्याच हातात असलं तर?"

"तरीसुद्धा!"