संपेपर्यंत

ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे; त्यांवर ती मेणाच्या हिरड्या घडवायची, एकेक दात बसवायची, आणि शेजारच्या टेबलावरचे पॉलिशवाले काका त्यांना चकाकी आणायचे. हात कसबी होता. नुसता साचा बघून ती सांगे, हा गृहस्थ डाव्या बाजूनं चावतो, ही बाई झोपेत दात खाते.

जीव मात्र कथांत होता. लग्नाआधी तिच्या चार कथा मासिकांत आल्या होत्या. पुढं संसार, सासूबाई, मग बिट्टी. आता लेक सात वर्षांची झाली, थोडी उसंत मिळाली, तर कागद समोर घेतला की डोकं कोरं. वाचनालयातल्या बाईंपाशी एकदा तिनं हे रडगाणं गायलं. बाईंचा आवाज इतका बारीक, की टेबलावर ओणवं होऊन ऐकावं लागे. त्यांनी सांगितलं, कथेच्या मागं लागू नकोस, वही ठेव. रोज एकच काहीतरी घे, डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, आणि ते संपेपर्यंत लिही.

"संपेपर्यंत म्हणजे?"

"कळतं ते," बाई म्हणाल्या. "हात आपला आपण थांबतो."

तिनं पुठ्ठ्याच्या बांधणीची एक वही आणली आणि जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी बसून लिहू लागली. पहिल्या दिवशी काकांच्या पॉलिशच्या मोटरची किरकिर घेतली. सुरू होताना कशी कण्हते, मध्येच कशी दातओठ खाते, बंद करताना कशी रेंगाळते. अडीच पानं झाली आणि हात खरंच थांबला.

दुसऱ्या दिवशी मोटर गुपचूप फिरत होती. तेल घातलं वाटतं, असं तिनं काकांना म्हटलं. काकांनी मोटरकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. ही कधी वाजायचीच नाही, म्हणाले. आठ वर्षं त्या किरकिरीला ते शिव्या घालत आले होते. काकांचं वय झालं, असं म्हणून तिनं विषय सोडला. त्याच आठवड्यात तिनं एका बैठकीत कथा लिहिली. कथेत एक यंत्र होतं आणि ते पानापानांतून कण्हत होतं. संपादकांनी लगेच स्वीकारली.

मग तिनं जिन्यातला ओलसर वास लिहिला. चार दिवसांनी लक्षात आलं, जिन्यात वासच नाही. ओलीचा नाही, धुळीचा नाही, वरच्यांच्या फोडणीचाही नाही. शेजाऱ्यांनी नुसते खांदे उडवले. कथा मात्र भराभर होत होत्या.

तिसऱ्यांदा तिनं सासूबाईंचा गुडघा घेतला. भल्यासाठीच घेतला, असं ती स्वतःला सांगत राहिली. ती कळ कुठं उठते, पायरीवर कशी चावते, सगळं विचारून विचारून लिहिलं. सासूबाई सकाळी तरातरा जिना चढून आल्या. घरात आनंदीआनंद झाला. दुपारी त्यांच्या पायाखाली फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. पलंगाच्या कोपऱ्यावर गुडघा आपटून चांगला फाटला होता, आणि सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना पत्ताच नव्हता.

तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. तिनं वही कपाटात, चादरींच्या खाली ठेवून दिली.

वही गेली तशा कथाही गेल्या. दीड महिना एक ओळ सुचली नाही. त्यात संपादकांनी विशेषांकासाठी कथा मागितली. घरात एक लहान मूल हसतं, एवढंच तिला लिहायचं होतं, आणि ते कागदावर काही केल्या हसेना. दहा वेळा खोडलं. शेवटी एका सकाळी सगळे बाहेर पडल्यावर तिनं चादरी बाजूला केल्या. एकच पान लिहू, तिनं ठरवलं. संपायच्या आत थांबू.

बिट्टीचं हसू आधी नाकात फुरफुरायचं. मग एक उचकी. मग तीन पायऱ्या चढल्यासारखा आवाज वर वर जायचा, आणि शेवटी ती श्वास आत ओढायची, बुडून वर आल्यासारखी. लिहिताना तिचं भान गेलं. शुद्धीवर आली तेव्हा सहा पानं भरली होती आणि हात थांबलेला होता.

संध्याकाळी नवऱ्यानं नेहमीसारखा चष्मा उलटा घातला आणि नाक मुरडलं. बिट्टीनं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"बाबा, चष्मा उलटा आहे," ती म्हणाली आणि वरणात भात कालवू लागली.

पोर आजारी नव्हती, रुसलीही नव्हती. जेवायची, अभ्यास करायची, मैत्रिणी हसल्या की त्यांच्या तोंडांकडं निरखून बघायची. आईच्या काळजाचं पाणी झालं. नवऱ्याला सांगायला गेली, तर तो म्हणाला, ही कधी हसायचीच कुठं, गंभीरच आहे पहिल्यापासून, तुझ्यावर गेलीय. सासूबाईंनीही मान डोलावली.

कथा छापून आली. ते हसू अजून कानांत आहे, असं संपादकांनी कळवलं.

ती वाचनालयात गेली आणि बाईंना सगळं सांगितलं. बाई पुस्तकांवर शिक्के मारत ऐकत होत्या. हात काही थांबला नाही. ती उठून निघाली तेव्हा त्यांचे ओठ हलले. तिनं ओणवी होऊन ऐकलं.

"वही फाडू नकोस."

एवढंच.

रविवारी सकाळी नवरा सासूबाईंना घेऊन, पुन्हा आपटलेल्या गुडघ्याच्या मलमपट्टीला गेला होता. फरशीवर ऊन पडलं होतं. बिट्टी उन्हात पालथी पडून चित्र रंगवत होती. तिनं वही काढली आणि लेकीसमोर मांडी घालून बसली. ऐकून तरी पोरीला आठवेल, एवढीच आशा होती.

ती मोठ्यानं वाचू लागली.

पहिलं पान झालं. बिट्टीनं मान वर केली नाही.

दुसऱ्या पानावर वाचता वाचता तिच्या नाकात काहीतरी फुरफुरलं. धूळ असेल, तिला वाटलं.

मग उचकी लागली.

तिनं वही मिटली, पण आवाज निघालाच. कोवळा, बारीक, एकेक पायरी वर चढणारा. तो तिच्याच तोंडातून येत होता. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. बोटांच्या फटींतून तो येत राहिला, आणि शेवटी तिच्या छातीनं श्वास आत ओढला, बुडून वर आल्यासारखा.

बिट्टीनं खडू खाली ठेवला.

ती उठून जवळ आली. आईचे हात तिनं हळूच तोंडावरून बाजूला केले आणि गळ्यावर दोन बोटं टेकवली.

"छान हसते," ती म्हणाली.

मग ती आणखी जवळ सरकली आणि आईच्या उघड्या तोंडाशी वाकून, नव्या मुलीशी बोलावं तसं, तिनं आत विचारलं,

"तुझं नाव काय?"