साक्षी-खलाशी

शकुंतला मायेकर रत्नागिरीच्या खलाशी संघटनेच्या कचेरीत दुपारच्या सुनावणीचे कागद लावत होत्या, तेवढ्यात उपग्रह-फोन वाजला. पलीकडे इब्राहिम मुकादम होते, 'सागरवेध' या मालवाहू जहाजावरचे एकमेव माणूस.

"ताई, पाण्यात काहीतरी केशरी दिसतंय. तीनेक मैलांवर. स्वयंनाविक म्हणतो तरंगता कचरा आहे. जहाज थांबत नाहीये."

स्वयंनाविक म्हणजे जहाज हाकणारी संगणकयंत्रणा. बारा वर्षांपूर्वी ती आली आणि आधी सुकाणूवरची माणसं उतरली, मग इंजिनावरची, शेवटी स्वयंपाकी. कधीकाळी संघटनेचे चौदा हजार सभासद होते. बुडत्या जहाजावर आठ खलाशांना सोडून देणाऱ्या कंपनीविरुद्ध तिनं बावीस दिवस बंदरं बंद पाडली होती. त्या संपातून कायद्यात एक कलम आलं: जिवाचा धोका दिसला तर खलाशी जहाज थांबवू शकतो. त्या कलमापायीच प्रत्येक जहाजावर अजून एकजण ठेवावा लागे. त्याला साक्षी-खलाशी म्हणत. असे एकतीसजण, एवढीच आता संघटना. आणि आज दुपारी तेच कलम रद्द करायची सुनावणी होती.

"तुम्हाला काय दिसतंय, इब्राहिमभाई?"

"दुर्बिणीत हात हलल्यासारखा वाटला. नाहीतर फाटकं कापड असेल. डोळे आता पूर्वीसारखे नाहीत, ताई. विनाकारण थांबवलं, तर दुपारी तुमच्या तोंडावर तेच फेकतील."

कापड निघालं तर एकतीसजणांचं काम आजच संपणार होतं.

"ओढा जहाज थांबवायचा खटका," शकुंतलाबाई म्हणाल्या.

फोनवर भोंगा ऐकू आला. यंत्राचा शांत आवाज थांबण्याचं कारण विचारत राहिला. जहाजाचा वेग पडायलाच वीस मिनिटं लागली. त्यानंतर बराच वेळ नुसता वारा. शकुंतलाबाई रिसीव्हर कानाला घट्ट धरून उभ्याच होत्या.

"ताई!" इब्राहिमभाईंचा आवाज फुटला. "उलटलेली होडी आहे. दोघं धरून आहेत. जिवंत आहेत!"

दुपारी त्या सुनावणीला गेल्या तेव्हा पावलं हलकी पडत होती. पण 'सागरवेध'च्या कंपनीचा अभियंता त्यांच्याआधी बोलायला उभा राहिला. त्यानं मुकादमांचे मनापासून आभार मानले.

"उलटी होडी आणि तिला धरलेली माणसं आमच्या यंत्रणेनं कधी पाहिली नव्हती. आता पाहिली. तासाभरापूर्वी आमच्या सगळ्या जहाजांना ती ओळखायला शिकवून झालंय. यापुढे ही चूक होणार नाही. म्हणजे साक्षीची गरजही उरत नाही."

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी मान डोलावली. कुणी वाईट हेतूनं बोलत नव्हतं. शकुंतलाबाई टेबलाचा आधार घेत उठल्या.

"साहेब, आजचं तुमच्या यंत्रानं शिकून घेतलं, कारण तिथं एका म्हाताऱ्यानं डोळे ताणून पाहिलं. तो तिथं नसता, तर आपलं चुकलं हे तुमच्या यंत्राला तरी कळलं असतं का? आणि आजवर असे किती जण पाण्यातच राहून गेले, ते आपल्याला कोण सांगणार?"