तीन वाजताचं अंडं

"तोर्नो फिरवलास की त्याच्याकडे पाठ कर. आतल्या बाईचं नखसुद्धा दिसता कामा नये. ती तुझी बहीण असली तरी."

मठाच्या मुख्य, माद्रे एस्कोलास्तिका, पडद्याच्या जाळीमागून मला हे म्हणाल्या, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. त्यांचा चेहरा मी कधीच पाहिला नाही. आवाज मात्र आजही ओळखेन.

पुढे लिहिते आहे ते घडलेलं आहे. मी रोज सकाळी दोन नेम धरते. खोटं बोलायचं नाही, आणि सांगितलेलं मोडायचं नाही. त्यातला दुसरा मी त्या दिवसांतही पाळला होता.

फिलिपिन्समधल्या पानाय बेटावरचा आमचा मठ. मे महिन्यातला शुक्रवार. रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं, दुपारचे तीन वाजत आले होते.

मठातल्या बायका एकदा आत गेल्या की मरेपर्यंत बाहेर येत नाहीत. त्यांना काही द्यायचं तर भिंतीतल्या तोर्नोतून. तोर्नो म्हणजे लाकडाचं उभं पिंप, एका बाजूने उघडं, खुंटीवर फिरणारं. बाहेरून वस्तू ठेवायची, फिरवायचं. आतून कुणीतरी घेतं. कुणाला कुणी दिसत नाही.

बाहेरच्या बाजूला मी बसायची. आतल्या बाजूला माझी थोरली बहीण, मानांग विसिंग. मानांग म्हणजे ताई. चार वर्षं आमच्यामध्ये फक्त ते लाकूड होतं. बोलायची परवानगी एकाच वाक्याची. आतून ती म्हणायची, "आवे मारिया पुरिसिमा." निष्कलंक मारिये, तुला नमन. मी टोपली ठेवायची. झालं.

त्या दिवशी एका नवरीचा बाप अंडी घेऊन आला होता. आमच्याकडे लग्नात पाऊस पडू नये म्हणून मठाला अंडी देतात. मठाच्या भिंतीसुद्धा अंड्याच्या पांढऱ्यात मळलेल्या चुन्याच्या, तीनशे वर्षांच्या. सुतार मानोंग इस्को, म्हणजे इस्कोदादा, पायरीवर बसला होता. त्याने नवरीच्या बापाला विचारलं, "बाराच? एवढ्यात फक्त मांडवापुरतं ऊन मिळेल. वऱ्हाड भिजेल."

तो म्हणाला, "पाऊस आला तर अंडी परत मागेन."

आम्ही हसलो.

आणि जमीन हलली...

अर्धं मिनिट असेल. डोळे उघडले तर सगळीकडे पांढरी धूळ. बारातलं एक अंडं फुटलं होतं. बाहेरची भिंत उभी होती. आतून मात्र दगड कोसळल्याचा आवाज येतच राहिला... येतच राहिला...

मग तो थांबला.

तोर्नो हळूच फिरला.

"पुरिंग."

चार वर्षांत पहिल्यांदा तिने माझं नाव घेतलं होतं.

तोर्नोची आतली खोली म्हणजे चार पावलांची कोठडी. तिचं छत कोसळलं होतं, आतल्या दारावर दगडांचा ढीग. विसिंग मध्ये अडकली होती. दगड उपसायला पुरुष हवे होते. पण बिशपांच्या पत्राशिवाय पुरुषाने आत पाऊल टाकायचं नाही. पत्र आणायला होडी निघाली. जाऊन यायला तीन दिवस.

मी अंडी उकडली. एकेक करून तोर्नोत ठेवली, सोबत पाण्याची वाटी. फिरवलं. त्याच्याकडे पाठ केली.

वाटी रिकामी परत यायची. अंडं नसायचं.

शनिवारी इस्को कुऱ्हाड घेऊन आला. तोर्नोचं लाकूड जुनं होतं. पाव तासाचं काम, म्हणाला.

जाळीमागून माद्रेंचा आवाज आला. शांत. जो ही भिंत फोडेल तो चर्चबाहेर होईल. त्याला पवित्र मातीत जागा मिळणार नाही. पत्र येतंय. थांबा.

इस्को माझ्याकडे वळला. "बहीण तुझी आहे. तू म्हण. तू म्हणालीस तर घाव घालतो. मग मला कुत्र्यांशेजारी पुरलं तरी चालेल."

आतून आवाज नव्हता. ती ऐकत होती, हे मला कळत होतं.

मी म्हणाले, "थांबू या."

इस्कोने कुऱ्हाड खांद्यावर घेतली. जाताना एवढंच बोलला, "तुला आत जायला नको. तू बाहेर राहूनच त्यांच्यातली झालीस."

रविवारी तीन वाजता मी अकरावं अंडं ठेवलं.

"पुरिंग, उद्या येशील?"

"येईन, मानांग."

"वचन?"

"वचन."

सोमवारी सकाळी पत्र आलं. दुपारपर्यंत दगड निघाले. तिला आंघोळ घालायला मला आत सोडलं.

डॉक्टरांनी नीट तपासलं. म्हणाले, दाराची तुळई मानेवर पडली. शुक्रवारीच गेली, पहिल्या क्षणाला. तिला कळलंसुद्धा नसेल.

मी म्हणाले, ती काल बोलली माझ्याशी.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी मेलेल्या बायकांना याआधीही न्हाऊ घातलं होतं. तीन दिवसांचं शरीर मला ओळखू येतं. ते तीन दिवसांचंच होतं. तोर्नोपासून चार हात लांब, तुळईखाली. तिथून हात पोचणं शक्यच नव्हतं.

कोठडीत एकही अंडं नव्हतं. टरफलसुद्धा नव्हतं.

मी तिचा उजवा हात धुवायला घेतला...

नखांत पिवळं बलक होतं.

ओलं.

माद्रे पडद्यापलीकडून म्हणाल्या, "ऐकलंस ना डॉक्टर काय म्हणाले? आपल्या हातून काही पाप झालं नाही, पुरिंग. देवाने आपल्याला वाचवलं."

आपल्याला, म्हणाल्या.

मी तो हात पुसला. कुणाला दाखवला नाही.

तेवढ्यात तीनचे टोले पडले. विसिंग माझ्यासमोर फळीवर होती. तिच्या तोंडावर पांढरं कापड होतं. दगड उपसून रिकाम्या झालेल्या कोठडीत तोर्नो फिरल्याचा आवाज आला...

लाकडाची ती लांब कुरकुर...

"आवे मारिया पुरिसिमा."

खोलीतल्या बाकीच्या बायका प्रार्थना म्हणत राहिल्या. कुणी मान वर केली नाही.

याला बेचाळीस वर्षं झाली. माद्रे गेल्या. इस्को गेला, त्याला पवित्र मातीतच पुरलं. मरेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. कोठडी नवी बांधली, तोर्नो तोच. मध्यंतरी आतल्या नव्या सिस्टरने जाळीतून मला विचारलं, "तिया पुरिंग, तुम्ही रोज तीनला कुणाला अंडं देता? त्या वेळी आम्ही सगळ्या देवळात असतो. कोठडीला कुलूप असतं."

मी सांगितलं, माझा नवस आहे.

अंडं रोज जातं. टरफलसुद्धा परत येत नाही.

लोक म्हणतात, तुझ्या बहिणीला शांती मिळो. मी आमेन म्हणते. पण मनातून दुसरंच मागते. ते भूतच असू दे, असं मागते. कारण ते भूत नसेल, डॉक्टर चुकले असतील, माझे हात चुकले असतील... तर शनिवारी ती जिवंत होती. आणि मी म्हणाले होते, थांबू या.

तिने कधी मला दोष दिला नाही. रोज तेच विचारते, त्याच आवाजात.

"उद्या येशील?"

आता पावणेतीन झालेत. पाणी उकळलंय. अंडं काढून फडक्यात गुंडाळते आहे. बाहेर ऊन आहे, रस्त्यावर कुणी नाही.

चपला घालते. निघते.