मधला ठिपका

बाहेर उणे सव्वीस होतं. ओदीलने प्रयोगशाळेतल्या यीस्टच्या उबदार खोलीचं दार ढकललं, तर तिच्या स्टुलावर एक अनोळखी तरुण बसून वाटाण्याचं सूप पीत होता.

"इथे खायला बंदी आहे," ती म्हणाली.

"म्हणून तर पितोय."

तीस अंशांची ती चिंचोळी खोली. फळ्यांवर यीस्ट वाढवायच्या शेकडो प्लेटा आणि हवेत आंबलेल्या पिठाचा वास. कॅनडातल्या शेरब्रुकच्या हिवाळ्यात ओदील रोज तिथे हात शेकायला यायची. हे गुपित तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला कुणी नव्हतंच म्हणा... चार वर्षांत तिची गट्टी जमली ती यीस्टशी.

तो लुदोविक. खालच्या मजल्यावरचे सूक्ष्मदर्शक सांभाळायचा; नेमणूक मार्चअखेरपर्यंतची. मग स्वित्झर्लंडमध्ये नोकरी. त्याने स्टूल रिकामं केलं आणि स्वतः उलट्या बादलीवर बसला.

"या प्लेटांवर सगळीकडे एकच अक्षर आहे. तुझंच ना? कसला आजार आहे यांना?"

"आजार नाही. त्यांची टोकं झिजतायत." तिला बोलायची सवय राहिली नव्हती, म्हणून ती एका दमात बोलली. "पेशी दुभंगली की गुणसूत्राची टोकं थोडी झिजतात. ती भरून काढणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, टेलोमरेज. त्याचा आरएनएचा धागा केंद्रकात तयार होतो, तिथून बाहेर पडतो, बाहेर त्याला प्रथिनं भेटतात. नीट जुळली तरच सगळी वरात परत आत येते. मी एक प्रथिन थोडं बिघडवलंय. जुळणी अर्धवट होते. आता बघायचं, पेशी किती दिवस काढतात."

"म्हणजे जोडीदार हवा तर घराबाहेर पडावं लागतं."

"धाग्याला. मला नाही."

"मी कुठे तुझं नाव घेतलं?" तो म्हणाला, आणि उरलेलं सूप त्याने तिच्या हातात दिलं. ती ते प्यायलीसुद्धा.

मग रोजच तसं होऊ लागलं. तो सूप आणायचा, ती बंदीची आठवण करून द्यायची. तिच्या काचपट्ट्या तो स्वतःहून लावून द्यायचा आणि काळोख्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली धाग्याचे चमकते हिरवे कण दाखवत म्हणायचा, "हा बघ, बाहेर पडला. आता कुणी भेटतंय का त्याला..." त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागायचा. ती सरकायची नाही, आणि पुढेही जायची नाही. मार्चमध्ये जाणाऱ्या माणसात जीव कशाला अडकवायचा, असं तिने स्वतःला बजावून ठेवलं होतं.

दर तीन दिवसांनी ओदील काडीच्या टोकावर प्लेटवरचा एक ठिपका, म्हणजे यीस्टची एक वसाहत, उचलायची आणि नव्या प्लेटवर तिच्या रेघा ओढायची. एक फेरीही चुकवायची नाही. नाताळातही ती घरी गेली नव्हती. तिचे वडील गास्पेच्या किनाऱ्यावर खेकडे पकडायचे. बसने बारा तासांचा रस्ता. त्यांनी फोनवर तीनदा येतेस का विचारलं होतं आणि चौथ्यांदा म्हणाले होते, "असू दे पोरी, तुझी पिल्लं उपाशी मरतील."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते गेले, बोटीवरच.

बॅग भरतानाही तिची नजर प्लेटांकडे जात होती. लुदोविक म्हणाला, "मी ओढतो रेघा. तू जा."

तिने कागदावर सगळं लिहून दिलं आणि एका ओळीखाली दोन रेघा मारल्या : *मध्यम आकाराचा ठिपका घे.*

नऊ दिवसांनी ती परतली, तर प्लेटा गुटगुटीत झाल्या होत्या. जिथे विरत चाललेले केविलवाणे ठिपके असायला हवे होते, तिथे जाडजूड पांढरे ठिपके रांगेने बसले होते.

"कुठला ठिपका उचललास?"

"सगळ्यात मोठा."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"मी लिहून दिलं होतं, लुदो."

"वाचलं होतं." तो बादलीकडे बघत राहिला. "तू वडिलांना पोचवून येणार, आणि मी तुझ्यासमोर मेलेल्या प्लेटा ठेवणार... नाही जमलं मला."

"मरायलाच हवं होतं त्यांनी! किती दिवसांत मरतात तेच तर मोजत होते मी. हे मोठे ठिपके म्हणजे विकराशिवाय तगायची भलतीच वाट शोधलेल्या पेशी. माझ्या काही कामाचे नाहीत." तिचा आवाज फाटला. "याच्यासाठी मी नाताळात घरी गेले नाही. बाबांनी तीनदा विचारलं होतं."

तिने सगळ्या प्लेटा कचऱ्याच्या पिशवीत भरल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि बारा दिवस त्याच्याशी बोलली नाही. तो सूप दाराबाहेर ठेवून जायचा. ती ते गार झाल्यावर प्यायची, आणि तिला स्वतःचाच राग यायचा.

त्याच्या शेवटच्या सकाळी तिने रेघा ओढल्या, कोट चढवला आणि निसरड्या रस्त्यावरून बसस्थानक गाठलं. लुदोविक विमानतळाच्या बसच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा होता.

"थांब म्हण," तो म्हणाला. "थांबतो."

"नाही म्हणणार. तुझी नोकरी आहे... जा तू. पण मी आता रागावलेले नाही. आणि मला तू आवडतोस. खूप. हे आधीच सांगायला हवं होतं."

"मलाही," तो म्हणाला. "सूप काय मला एकट्याला संपत नव्हतं का?"

ती रडता रडता हसली. त्याने तिला घट्ट मिठी मारली, दोघांनी निरोप घेतला, तो आत जाऊन खिडकीशी बसला... आणि ड्रायव्हर खाली उतरून कॉफी आणायला गेला.

दोघं काचेतून एकमेकांकडे बघत राहिले. मग लुदोविक निमूट खाली आला.

"आता काय बोलायचं?" ती म्हणाली. "सगळं बोलून झालं."

"तुझे बाबा कसे होते?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. विभागातल्या लोकांनी कार्ड पाठवलं होतं, फुलं पाठवली होती. ओदील बोलू लागली. ते शीळ किती बेसूर घालायचे, त्यांच्या कोटाच्या खिशात नेहमी सुतळी असायची, आणि एकदा धुक्यात बोट भरकटली तेव्हा सहा वर्षांच्या तिला भीती वाटू नये म्हणून ते...

ड्रायव्हर आला. लुदोविकला चढावं लागलं. दार बंद झालं.

ओदील बोलायची थांबली नाही. खिडकीकडे तोंड करून ती धुक्याची गोष्ट पुढे सांगत राहिली. आत काही ऐकू जात नव्हतं, पण तो मान हलवत होता. बस वळली, दिसेनाशी झाली, आणि बाबांची बोट किनाऱ्याला लागेपर्यंत ती तिथेच उभी राहून सांगत होती.