चित्राचा कापलेला कोपरा

"धुडकूबाबा, लवकर चला! चित्र कापलंय!"

सुरतेतल्या लिंबायतच्या समाजमंदिराची चिटणीस प्रज्ञा दारात उभी होती. धुडकू तसाच अनवाणी निघाला.

'खंदकातलं पाणी' भिंतीवरच होतं. एकाहत्तरच्या लढाईतला जवान जखमी शत्रूला स्वतःचं पाणी पाजतोय. कॅलेंडरांवरून हे चित्र गावोगाव पोचलं होतं. चित्रकार म्हणून योगेंद्रची सही असलेला खालचा कोपरा तेवढा गायब होता. उद्या संग्रहालयाची माणसं चित्र साफ करायला येणार होती.

"सगळे तुमचंच नाव घेतायत, बाबा," प्रज्ञा म्हणाली. "कुसुममावशी गेल्यापासून तुम्ही सांगताय, चित्र तिचं. ती सही खुपायची ना तुम्हाला?"

"खुपायची. पण माझ्या बायकोच्या हातचं मी कापीन?"

तिथेच उभा असलेला योगेंद्र, आता लेस कारखान्याचा मालक, हसला. "मावशीला सही तरी येत होती का? मुंबईत शिकताना काढलंय मी. सुती कॅनव्हासवर."

धुडकूनं कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. कड टणक लागली. मग तो चित्रातल्या चिखलाजवळ वाकला. रंगात बारीक गोल रेघा होत्या. त्यानं डोळे पुसले.

"पोरी, सुती कापड कापलं की काय होतं?"

"दोरे सुटतात."

"इथे?"

"एकही नाही. कड वितळलीय."

"सुती वितळत नाही. हे पॉलिस्टर. उधन्याच्या मिलमधल्या माझ्या लूमवरचा डागी तुकडा, मीच घरी आणलेला. सुती समजणारा कात्री घेऊन आला असता. हा लेस कापायचं गरम कटर घेऊन आला. दोरे सुटू नयेत म्हणून. हाताची सवय!"

योगेंद्र भडकला. "माझीच सही मी कशाला कापू?"

"सहीखाली कुसुमचा अंगठा होता म्हणून. तिनं माझ्यासमोर उमटवला होता. प्रदर्शनात लावतो म्हणून तू चित्र नेलंस आणि अंगठ्यावर रंग मारून स्वतःची सही केलीस. उद्या तो रंग निघाला असता. भांडण नको म्हणून तिनं मला गप्प बसवलं. आता ती नाही. मी गप्प बसणार नाही."

"मग दाखवा अंगठा! कुठाय?"

"सगळीकडे. कुसुमनं ब्रश कधी धरलाच नाही. भाऊ लढाईवरून आला, त्यानं सांगितलेलं तिनं बोटांनी काढलं. चिखल बोटांनी, जवानाचा चेहरा अंगठ्यानं. बँकेच्या कागदांवर तिचे अंगठे आहेत, घ्या ताडून. तू एकच कापलास, योगेंद्र. आण तुझं कटर. बस कापत!"

योगेंद्र दाराकडे निघाला.

प्रज्ञानं चित्राखालची त्याच्या नावाची पाटी उचकटली आणि त्याच्याच हातात दिली.