वीस अंशांची खोली

ज्ञानेशने पिन खिशात घालून आणली, तिथूनच सगळं सुरू झालं.

चाकणच्या त्या कंपनीत पंपाच्या आत बसणाऱ्या पोलादी पिना तयार होत. बोटाएवढ्या, चकचकीत. लाइनवरून निघालेल्या पिनांचे नमुने मोजायला स्टँडर्ड रूममध्ये येत, आणि स्टँडर्ड रूम म्हणजे दीक्षा. बाहेर पौष असो की वैशाख, त्या खोलीत बारा महिने वीस अंश. एकामागे एक दोन दारं, काळ्या ग्रॅनाइटचं टेबल आणि त्यामागे पांढरे सुती हातमोजे घातलेली ही मुलगी. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि चेहऱ्यावर कायम एकच भाव... की आता आणखी काय?

"ट्रे घावला न्हाई मॅडम," ज्ञानेश म्हणाला आणि शर्टाच्या खिशातून पिन काढून तिच्यापुढे धरली. ग्राइंडिंगच्या लाइनवर तो सेटर होता, म्हणजे मशीन लावून देणारा. या खोलीत पहिल्यांदाच आला होता.

दीक्षाने पिनेकडे पाहिलं, खिशाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"खिशातली वस्तू मी मोजत नाही, भाऊ."

"का? खिसा धुतलेला हाय."

"खिसा धुतलेला असेल. पण खिशामागे माणूस आहे ना. माणूस गरम असतो."

"जिवंत हाय म्हणून..."

एरवी ती हसली असती. पण त्या दिवशी तिला हसायचाही कंटाळा आला होता. तिने पाठ केल्यासारखं सांगून टाकलं, की पोलाद तापलं की फुगतं. डोळ्याला दिसत नाही, पण मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात चांगली पिन नापास होते आणि नापास पिन चांगली ठरते. म्हणून आल्या आल्या मोजायचं नाही. आधी वस्तू खोलीइतकी गार होऊ द्यायची.

"किती वेळ?"

"पाऊण तास. ठेवा तिथे, आणि नंतर या."

सगळे तसंच करत. ट्रे ठेवत, क्षणभर गार हवा खात आणि चहाला सटकत. ज्ञानेश मात्र कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. उजवा गुडघा तळहाताने चोळत, काही न बोलता, पिनेकडे बघत. जणू ती आत्ता उठून पळून जाणार होती.

मग तो येतच राहिला. ट्रे घेऊन, शहाण्यासारखा. आणि दर वेळी बसून राहिला.

दीक्षा परभणीकडची. तिथल्या कॉलेजात तिने फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं होतं. पुढे शिकायचं राहून गेलं, वडील गेले, आणि आईला घेऊन ती दिघीला दोन खोल्यांत राहायला आली. रोज सकाळी कंपनीची बस, मान खिडकीला टेकवून अर्धवट झोप, संध्याकाळी ओव्हरटाइम, परत तीच बस. कॉलेजातलं बरंच विसरलं होतं. दोन गोष्टी तेवढ्या अंगात भिनल्या होत्या. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. आणि एका रीडिंगवर निकाल द्यायचा नाही.

तो विचारायचा आणि ती सांगायची. शिकवायचा तिला मुळात कंटाळा नव्हता, शिकणारंच कुणी मिळालं नव्हतं.

"मशीन बिघडलं की आमी चार नट एकदम फिरवतो," तो एकदा म्हणाला. "मशीन चालू होतं."

"कशामुळे झालं ते कळतं?"

"न्हाई."

"मग पुढच्या वेळी?"

"परत चार नट." तो ओशाळून हसला. "तुमी म्हणताय तसं एकेक फिरवून बघतो."

आणि खरंच त्याने बघितलं. दुसऱ्या दिवशी येऊन, परीक्षेत पास झालेल्या पोराच्या तोंडाने सांगितलं, "तिसरा नट होता, मॅडम."

एकदा त्याने भलतंच विचारलं. "पिन खोलीइतकी गार होते, बरोबर? मग खोली? ती पिनेपायी जराबी तापत नसंल?"

दीक्षा थांबली. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता.

"तापते," ती म्हणाली. "थोडीशी. मोजता येणार नाही इतकी."

"पण तापते."

"तापते."

तो एवढ्यावरच खूश झाला. तिने मान खाली घालून डायलमध्ये लक्ष घातलं, आणि तेच रीडिंग तिला पुन्हा घ्यावं लागलं.

"उष्णता गरमाकडून गाराकडे जाते," दुसऱ्या एका दुपारी ती सांगत होती. "आपणहून उलटी कधीच जात नाही. दोन्ही सारखे झाले की थांबते. त्याला समतोल म्हणतात."

"आणि दमलेलं माणूस दमलेल्या माणसापाशी बसलं तर?"

"तर काय... काहीच होत नाही. दोघं सारखेच."

"म्हंजे समतोल."

"हो, भाऊ."

"एक सांगू मॅडम? रागावू नका. तेवढं भाऊ नका म्हणू."

तिने विचारलं नाही का ते. पण त्यानंतर ती त्याला कशानेच हाक मारेनाशी झाली. 'अहो' म्हणायची आणि पुढे गप्प.

आता इथे कुणीही म्हणेल, सरळ आहे की सगळं. पण दीक्षाच्या मते सरळ काही नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात डिझाइनचा एक इंजिनिअर असाच यायचा. बसायचा, गोड बोलायचा, तिच्या फिजिक्सचं कौतुक करायचा. दीक्षाने आरशात जास्त वेळ घालवायला सुरुवात केली होती. मग पाऊस पडला, बाहेर गारवा आला, आणि त्याचं येणं बंद झालं. तो एसीसाठी येत होता. इतकं साधं उत्तर, आणि ते कळायला तिला अख्खा उन्हाळा लागला होता. त्याचं दुःख ओसरलं, पण स्वतःच्या मूर्खपणाची लाज काही जाईना.

आता पुन्हा वैशाख होता. शेडच्या पत्र्याखाली माणसं करपत होती. आणि हा रोज पाऊण तास गारव्यात बसत होता.

त्यातच बदलीचं निघालं. कंपनीचा नवा प्लँट तिकडे तमिळनाडूत, होसूरला होत होता, तिथल्या स्टँडर्ड रूमसाठी माणूस हवं होतं. पगार तोच, काम तेच. साहेबांनी दीक्षाला विचारलं आणि शनिवारपर्यंत कळवायला सांगितलं.

"आई, जायचं का होसूरला?" तिने रात्री भाकरी मोडता मोडता विचारलं.

"मला काय बाई," कुसुमताई म्हणाल्या. "हितं बी दोन खोल्या न् तिथं बी दोनच. तुला हितं काही ऱ्हायलंय का, ते तू बघ."

तेच तर तिला ठाऊक नव्हतं. राहिलं असेल तर थांबायचं होतं. नसेल, तर या खोलीपासून, त्या स्टुलापासून जितकं लांब जाता येईल तितकं बरं. आणखी एक पाऊस तिला सोसणार नव्हता.

बुधवारी एसी जळाला. दुपारपर्यंत खोली भट्टी झाली. मोजमाप बंद, पिना भोसरीच्या जुन्या प्लँटमध्ये मोजायला पाठवायच्या असं ठरलं. दीक्षा घामाने थबथबून रिकाम्या टेबलाशी बसली आणि तिच्या मनात आलं... की हा तर आयता प्रयोग झाला. गारवा गेला, बाकी सगळं तसंच आहे. मी आहे, स्टूल आहे. आता येतो का बघू.

तो बुधवारी आला नाही.

गुरुवारीही नाही. दार वाजलं की तिची मान वर व्हायची. एकदा एसीवाला आला, एकदा झाडूवाली. त्या दोन दिवसांत ती जेवढी दमली, तेवढी ओव्हरटाइमनेही दमली नव्हती. निकाल तर लागलाच होता. गुरुवारी बसमध्ये तिने होसूरसाठी होकाराची मेल लिहून ठेवली. शेवटचं बटण तेवढं दाबलं नाही. एका रीडिंगवर निकाल द्यायचा नाही, असं स्वतःला बजावलं. पण खरं सांगायचं तर तिच्याने दाबवलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी भोसरीहून तनुजाचा फोन आला. तिथली स्टँडर्ड रूम तनुजा बघायची. तिने पिनांची रीडिंग सांगितली आणि मग हसत म्हणाली,

"बाकी दीक्षा, तुमचा तो सेटर काय वल्ली आहे गं."

"कोण सेटर?"

"ज्ञानेश. तीन दिवस टेम्पोबरोबर तोच येतोय की. साहेबांनी धाडलंय म्हणे, पिनांची जबाबदारी त्याच्यावर."

दीक्षा खुर्चीत सरळ झाली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणणारी आपण, आणि इथे दोन बदलल्या होत्या. एसीबरोबर माणूसही हलवला होता. येणार कुठून तो?

"वल्ली का?" तिने आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"अगं, ट्रे ठेवतो आणि बाहेर जाऊन त्या तापलेल्या टेम्पोत बसतो. ह्या उन्हात. मी म्हटलं, आत बसा की, एसी आहे, स्टूल आहे. तर म्हणतो, नको मॅडम, गारठ्यात गुडघा ठणकतो. कबड्डीत मोडला होता म्हणे. गार खोलीत दहा मिनिटंसुद्धा बसवत नाही त्याला."

तनुजा आणखी काहीतरी बोलत होती. दीक्षाला ते ऐकू गेलं नाही.

तीच गार हवा. तसंच स्टूल. तोच माणूस, त्याच पिना. भोसरीत फक्त एक गोष्ट नव्हती.

आणि गुडघा तर रोज तिच्या डोळ्यांसमोर होता. पहिल्या दिवसापासून तो चोळत होता, आणि तिने ती सवय समजून सोडून दिलं होतं. जे रीडिंग आपल्या अंदाजात बसत नाही तेच नीट बघायचं, हे कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तनुजाला काय वाटेल म्हणून तिने फोन ठेवून दिला.

शनिवारी दुपारी एसी सुरू झाला. पण खोली स्थिरावेपर्यंत, म्हणजे सोमवारपर्यंत, मोजायचं काही नव्हतं. दार वाजलं. तो रिकाम्या हातांनी उभा होता.

"पिना न्हाईत आणल्या," तो म्हणाला. "लाइनवर म्हणतायत, तुमी होसूरला चाललाय."

"बसा."

तो बसला. खोली गार होत चालली होती. हात आपसूक गुडघ्यावर गेला. ती बघत होती.

"दुखतो ना?"

त्याने हात काढून घेतला. "तनुजा मॅडम बोलल्या वाटतं."

"मग रोज इथे का बसायचात? ट्रे ठेवून जायचं होतं. सगळे जातात."

बाहेर कुठेतरी ट्रक मागे घेत होते, त्याची पिंपिं ऐकू येत होती.

"गेलो असतो, तर न्यायला आल्यावर दोन मिन्टं तुमी दिसला असता," तो शेवटी म्हणाला. "बसलं की पाऊण तास. गुडघा काय, रात्री आई शेकून देती." मग फरशीकडे बघत, "मशीनपाशी आठ तास उभं राहून जीव नकोसा होतो मॅडम. हितं बसलं की बरं वाटायचं. तुमीबी माझ्यासारख्याच दमलेल्या. काही बोलायची गरज न्हाई... मला तुमी आवडता. न्हाई पटलं तर राहू द्या. पण होसूरला जायच्या आधी सांगावं वाटलं."

दीक्षाने फोन काढला. लिहून ठेवलेली मेल उघडली, पुसली आणि नवी एकच ओळ लिहून साहेबांना पाठवली, की मला जमणार नाही.

"काय केलंत?" त्याने विचारलं.

"निकाल दिला. इथलं रीडिंग होतं, भोसरीचंही आलं. दोन्ही जुळली." तिने फोन टेबलावर ठेवला. "मीच चुकीचं वाचत होते इतके दिवस. मलाही तुम्ही आवडता, ज्ञानेश."

तिच्या तोंडून आपलं नाव तो पहिल्यांदाच ऐकत होता.

तिने आपली खुर्ची त्याच्या स्टुलाजवळ ओढली. हातमोजे काढून टेबलावर ठेवले. मग आपला उघडा तळहात हलकेच त्याच्या उजव्या गुडघ्यावर ठेवला. तो दचकला, पण हलला नाही.

"हात गार हाय तुमचा," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे," दीक्षा म्हणाली. "ठेवू द्या थोडा वेळ. पाऊण तास तरी लागेल."